रंभा मागे वळून पाहते

९ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे, कारण घरात बोलायला कोणी उरलं नाही. माझा दीर कुलदीप दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असतो. सासरे भिमाजी, ज्यांना मी मामा म्हणते, ते सकाळी एक वाक्य बोलतात आणि दुसऱ्यासाठी संध्याकाळची वाट पाहायला लावतात. मी दापोडीची, रेल्वेलाइनला लागून असलेल्या गल्लीत वाढलेली. गाड्यांच्या खडखडाटात मला गाढ झोप लागायची. चाकणच्या पलीकडच्या या गावातली शांतता मात्र खायला उठते. नवनाथ होता तेव्हा ती एवढी जाणवली नाही. (लोकांसमोर मी त्याला 'हे' म्हणायचे. इथे कोणी ऐकत नाही, म्हणून 'तो'.)

बातमी अशी की मी कंपनीतली नोकरी सोडली. लग्न झाल्यापासून सीटबेल्टची बकलं तपासत आले, आता पुरे. कुलदीपने आणि मी नवा धंदा काढला आहे, घोड्यांसोबत डोंगरात मुक्काम. हिंजवडी-माण भागातल्या ऑफिसांतली माणसं शनिवारी दुपारी येणार. धरणाच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला रुक्मिणीबाईंचा माळ आहे, तिथपर्यंत आळीपाळीने घोड्यांवरून जाणार, तंबूत राहणार, पिठलं-भाकरी खाणार आणि रविवारी उतरणार. सुलतान आणि चिंगी हे दोन घोडे भाड्याने आणले आहेत. तिसरी आमची रंभा.

रंभा नवनाथची घोडी. आमच्याकडे बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढे एक घोडी पळते, आणि बैल तिच्या मागे जीव तोडून धावतात. नवनाथ त्या घोडीवर असायचा. गेल्या चैत्रात गावच्या यात्रेत रंभा अडखळली, तो पडला, आणि मागून बैल आले. आमचेच बैल होते. गाव घोडीला अपशकुनी म्हणतं. मामांनी बैल लगेच विकून टाकले आणि रंभेला चिखलीच्या एका बँडवाल्याला वरातीसाठी देऊन टाकायचं ठरवलं. मी आडवी आले. तेव्हा ते म्हणाले, चैत्रापर्यंत ठेव, पण तोवर तिनं कुणाला पाडलं, तर त्या दिवशी ती जाईल.

नवनाथचं दुसरं काहीच राहिलेलं नाही. मूलबाळ नाही. कपडे रीतीप्रमाणे वाटून झाले. रंभा गेली तर मी या घरात कोणाची कोण, हा प्रश्न मला रोज पडतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल-आज पहिली चाचणी झाली. पाहुणे नव्हते, आम्ही दोघंच. रंभेवर फक्त तंबू आणि भांडी लादली. तिला मधे घातलं तर मागच्या घोड्याला लाथा झाडते, म्हणून सगळ्यात शेवटी ठेवली. तिथे ती गुमान चालली, पण एक गोष्ट सारखी करत होती. प्रत्येक वळणावर थांबायची, मान पूर्ण वळवायची आणि मागे पाहायची. कान ताठ करून, बराच वेळ. मागे नुसती वाट, दोन्हीकडे वाळत आलेलं गवत आणि एखादं हिरड्याचं झाड.

कुलदीप म्हणाला, खोड आहे, ओढा तिला. मी ओढलं नाही. मी तिच्या मानेवर हात ठेवला, तर कातडी थरथरत होती. ती शून्यात पाहत नव्हती, तिला तिथे कोणीतरी दिसत होतं, हे मी शपथेवर सांगेन. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती त्याच्यासाठी थांबते. तो मागून येतो आहे आणि ती त्याला गाठू देते आहे.

मला भीती वाटायला हवी होती. उलट चैत्रापासून वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. पुढच्या वळणावर मीही तिच्यासोबत थांबले. वारा पडला होता आणि खालून कुठूनतरी तंबाखूचा वास आल्यासारखा वाटला. नवनाथ तंबाखू खायचा, मी भांडायचे.

घरी आलो तर मामा नव्हते. दिवेलागणीला आले, म्हणाले राजगुरुनगरला काम होतं. धोतराला ही एवढी कुसळं चिकटलेली. राजगुरुनगरच्या कचेरीत कधीपासून गवत वाढायला लागलं, देव जाणे.

८ डिसेंबर, रविवार

पहिले पाहुणे येऊन गेले. माणच्या ऑफिसातली चारजणं. त्यातली आम्रपाली मला आवडली. नांदेडकडची, घोड्यावर पहिल्यांदाच बसली होती आणि उतरल्यावर तिने चिंगीचे आभार मानले. बाकीच्यांनी आल्या आल्या चार्जिंग कुठे करायचं ते विचारलं. रुक्मिणीबाई त्यांना म्हणाल्या, "चुलीला पिना न्हाईत, बाबांनो." माळाच्या मालकीणबाई आहेत त्या, भाकऱ्या थापता थापता कोणाचीही गंमत करतात.

सकाळी धरणावरून धुकं वर चढलं आणि तंबूही दिसेनासे झाले. मी चहा गाळत होते. आम्रपाली म्हणाली, "ताई, ते मागून येणारे, त्यांना नाही द्यायचा का चहा?"

मी विचारलं, कोण मागून येणारे?

ती म्हणाली, काल चढताना घोड्यांच्या बरंच मागे एक माणूस चालत होता. तुमचाच असेल असं वाटलं. आत्ता पहाटेही त्या हिरड्याखाली उभा होता.

मी विचारलं, डोक्याला फेटा होता का? शर्यतीच्या दिवशी नवनाथ फेटा बांधायचा. ती विचार करून म्हणाली, डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं होतं खरं, चेहरा धुक्यात दिसला नाही. मी सांगितलं, वाडीतलं कोणी असेल. गाळणं हातात तसंच राहिलं आणि चहा ग्लास भरून खाली सांडला. कुलदीप ओरडला.

रंभा त्याच हिरड्याकडे तोंड करून उभी होती. चारा खात नव्हती.

म्हणजे मला वेड लागलेलं नाही. परक्या माणसालाही दिसतो.

२२ डिसेंबर, रविवार

धाडस केलं. काल चढताना पाणवठ्यावर सगळ्यांचा चहा झाला, तेव्हा एक ग्लास भरून वाटेकडेच्या सपाट दगडावर ठेवला. कुलदीपने पाहिलं, मी म्हटलं नैवेद्य आहे. तशी मी काही देवभोळी नाही, पण दीर वहिनीला फार उलटं विचारत नाही, याचा फायदा घेतला.

आज उतरताना पाहिलं तर ग्लास रिकामा, आणि दगडावर उपडा ठेवलेला.

नवनाथ ग्लास उपडाच ठेवायचा, आत मुंगी जाऊ नये म्हणून. या घरातल्या पुरुषांना ती सवयच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी कप उपडा ठेवलेला पाहून मला वाटलं होतं, यांना माझा चहा आवडला नाही की काय. केवढी रडले होते त्या दिवशी! नवनाथ हसून हसून लोळला होता.

ग्लास न धुता पिशवीत घातला. घरी आल्यावर मांडणीवर वेगळा ठेवला आहे.

१२ जानेवारी, रविवार

उद्या भोगी. या खेपेला पाच पाहुणे होते. धंदा जमतो आहे, कुलदीप खूश आहे.

पण आज उतरले तेव्हा चहा तसाच होता. साय धरलेली, कडेला मुंग्या. काल मी पाहुण्यांबरोबर खूप हसले, एकाने गाणं म्हटलं तर टाळ्याही वाजवल्या. त्याला राग आला असेल का? तो तसा रागीट नव्हता. रंभेने मात्र नेहमीसारखंच मागे पाहिलं. मी तिला विचारलं, आला नाही का गं?

घरी मामा गुडघ्याला एरंडेल लावून बसलेले. परवापासून गुडघा धरला आहे, उंबरा ओलांडवत नाही. मी शेक दिला, पण माझं लक्ष नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं, "डोंगरावर समदं ठीक हाय ना? घोडीनं काय केलं न्हाई ना?" घोडीचं नाव ते कधी घेत नाहीत आणि तिच्याकडे पाहतही नाहीत. आज मात्र तिचीच चौकशी.

२६ जानेवारी, रविवार

चहा प्यायला होता. ग्लास उपडा. मी इतकी खुळी, की त्या दगडाला हात लावून नमस्कार केला.

आता मी चढताना मुद्दाम मागे राहते, रंभेच्या बाजूला. त्याला सगळं सांगते. कुलदीपचं लग्न ठरत नाही, हौदाला गळती लागली आहे, मामा जेमतेम जेवतात. हळू बोलते, पण कुलदीपने ऐकलं असावं. त्याने विचारलं, "वहिनी, तुम्ही कोणाशी बोलता?" मी म्हटलं, घोडीशी. तो म्हणाला, डॉक्टरकडे जायचं का एकदा? चांगला मुलगा आहे. मी त्याला भाकरी वाढली आणि विषय मिटवला.

आम्रपाली पुन्हा आली होती. पुढच्या खेपेला रंभेवर बसू द्या म्हणते. कुलदीप नाही म्हणतो, रंभेवर नवनाथनंतर कोणी बसलेलं नाही. मी मात्र हो म्हणून बसले. एवढ्या खेपांत ती एकदाही बिचकली नाही. आणि मागून तो असतो, तर भीती कशाची?

९ फेब्रुवारी, रविवार

तळहाताला पट्टी बांधली आहे. तरी लिहिते.

आज सकाळी उतरत होतो. सुलतान आणि चिंगी पुढे, शेवटी रंभा आणि तिच्यावर आम्रपाली. मी लगाम धरून बाजूने चालत होते. डावीकडे करवंदीच्या जाळ्या, उजवीकडे थोडा माळ आणि त्याच्यापुढे कडा. तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला.

वरच्या वाडीची मंडळी माघी यात्रेला शर्यतीचे बैल घेऊन निघाली होती. गाडी वरपर्यंत येत नाही, म्हणून डांबरी रस्त्यापर्यंत बैल चालवत नेत होते. गळ्यात घुंगुरमाळा, शिंगांना रंग. हे मला नंतर कळलं. तेव्हा बैल अजून वळणाआड होते. फक्त घुंगरं ऐकू येत होती, आमच्या बैलांची वाजायची तशीच.

आणि मला आनंद झाला. देवा, मला आनंद झाला! वाटलं, आज तो उघड येतो आहे. मी कुलदीपला हाक मारली, थांब. रंभेला जागच्या जागी उभी केली.

ती डोळे पांढरे करून मागे पाहत होती. बैल वळणावर आले आणि ती उधळली. लगामाने माझा तळहात सोलून काढला. आम्रपाली करवंदीच्या जाळीत फेकली गेली आणि तिथून घरंगळत वाटेवर आली. रंभा पुढच्या घोड्यांना वळसा घालून माळावरून कड्याकडे सुटली. बैलांना तर पुढे घोडी पळताना दिसली की धावायचं एवढंच शिकवलेलं. त्यांनी धरणाऱ्यांच्या हातातून कासरे हिसकले आणि ते थेट तिच्या मागे निघाले. वाटेत आम्रपाली पडलेली.

तेव्हा हिरड्याच्या आडून मामा आले. डोक्याचं उपरणं सोडून दोन्ही हातांत ताणून धरलं आणि वाटेच्या मधोमध उभे राहिले. पळाले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त ओठांनी काहीतरी चुचकारत राहिले. बैल त्यांच्या छातीपाशी येऊन थांबले. एकाच्या शिंगाने त्यांचा सदरा फाटला.

रंभा कड्याच्या अलीकडे थांबली होती. कुलदीपने तिला धरून आणली.

आम्रपालीचं मनगट मोडलं आहे. चाकणला प्लास्टर घातलं. ती म्हणाली, ताई, तुमची चूक नाही. तिची आई फोनवर जे म्हणाली ते मी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं.

घोडीने माणूस पाडला. मामांची अट मला पाठ आहे. पण राहून राहून एकच प्रश्न डोक्यात येतो. मामा तिथे कसे?

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुलदीपने बँडवाल्याला फोन केला. शिवरात्रीला येतो म्हणाला.

दुपारी मी रंभेला खरारा करत होते. मामा आले आणि गोठ्याच्या दारातच बसले. मी न वळता विचारलं, तुम्ही परवा तिथे काय करत होता?

"दर खेपेला येत व्हतो," ते म्हणाले. "एकदा तेवढा गुडघा धरला, तवा न्हाई आलो."

मी खरारा खाली ठेवला. मी विचारलं, का?

"तिच्या मागनं काय यायला नको म्हनून. बैल म्हना, म्हसरं म्हना. मागं कुनीतरी मानूस पायजे."

मी म्हटलं, मामा, ती मागे पाहते ती त्याच्यासाठी. ती त्याची वाट पाहते.

त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग म्हणाले, "न्हाई, पोरी. ती वाट बघत न्हाई. ती भ्यालीय. त्या दिशी तिनं मागं बघितलं न्हवतं, तवापासनं बघती."

मग त्यांनी ते सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहिणार होते, पण मला ते सगळे आठवत नाहीत. शर्यतीचा नियम असा की घोडीवरच्या स्वाराने हात वर केला की मगच बैल सोडायचे. त्या दिवशी आमच्या आधीचा गाडा फार वेगाने गेला होता. मामांना बक्षीस डोळ्यांपुढे दिसत होतं. नवनाथचा एक पाय अजून रिकिबीत जायचा होता, तो काहीतरी सारखं करत होता. मामांनी बैल धरणाऱ्यांना सोडा म्हणून सांगितलं.

"त्यानं हात वर केला न्हवता," मामा म्हणाले. "घोडी अडखळली न्हाई. लोकं म्हनली अडखळली, आन म्या म्हनू दिलं."

ते उठले आणि जाता जाता थांबले. "चा मीच प्यायचो. गार झालेला असायचा. पन तू त्याच्यासाठी ठिवलेला, वतून देववंना."

१३ फेब्रुवारी

मामांना मी माफ केलेलं नाही, हे लिहून ठेवते. ताट वाढते आणि आत निघून जाते.

खरं सांगायचं तर मला चहाचा राग जास्त आला. बैल सोडले तो एका क्षणाचा लोभ होता, माणसाकडून होतो. पण तो चहा पिऊन त्यांनी नवनाथला दर रविवारी थोडा थोडा परत आणला आणि मग पुन्हा नेला. मांडणीवरचा तो ग्लास मी घासून इतर ग्लासांत मिसळून टाकला. आता कोणता तो ओळखू येत नाही, आणि त्याचंही वाईट वाटतं.

ज्याला मी प्रेम समजत होते, ते त्या मुक्या जनावराचं भय होतं. मी तिच्या मानेवर हात ठेवून सुखावत होते आणि ती थरथरत होती. मला ते हाताला लागत होतं, तरी कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

बँडवाला गणराज आला. सरळ माणूस. रंभेभोवती फिरला, मागे उभा राहून एक टाळी वाजवली. रंभा दावं तोडेल की काय असं झालं. म्हणाला, "भाऊ, वरातीत हिच्या मागं अख्खा बँड असतो. ही नवरदेवाला परस्पर आळंदीला पोचवंल." कुलदीप हसला. कित्येक महिन्यांनी घरात कोणीतरी हसलं.

मामा नाही हसले. पारावरची चार माणसं बघायला जमली होती. त्यांच्यासमोर ते म्हणाले, "घोडीचा दोष न्हाई. बैल म्या सोडलं, त्यानं हात वर करायच्या आधी." कुलदीप बापाकडे पाहत राहिला आणि मग गोठ्यामागे निघून गेला. तो तिकडे बराच वेळ होता.

गणराज गेल्यावर मामा मला म्हणाले, शब्द मी दिलेला, तो मी मागं घेतो. पण अशी भ्यालेली घोडी ठेवणंही पाप आहे. ती सुधारेल, मात्र तिच्या मागून रोज कोणीतरी चालावं लागेल, घुंगरं घेऊन, आधी लांबून, मग जवळून. मागून घुंगरं येतात आणि काही वाईट होत नाही, हे तिला पटेपर्यंत. "म्या चाललो तर भितीच ती. माझ्या अंगाला बैलाचा वास हाय. तुला चालावं लागंल."

मी बघते म्हणाले. मला कळतं आहे ते काय मागताहेत. ज्या दिवशी तिची भीती जाईल, त्या दिवशी ती मागे पाहायची थांबेल. ती कशाला पाहते हे आता मला माहीत आहे, तरीही प्रत्येक वळणावर तिची मान वळते तेव्हा एक पळभर तो वाटेवर असतो. तेवढंही मी माझ्या हाताने पुसायचं?

तिला विकली तर दुसरीकडे ती आयुष्यभर मागे पाहत राहील. इथे ठेवली तर मला ती बरी करावी लागेल. झोप येत नाही.

२ मार्च

उद्यापासून चालणार आहे. पाहुणे महिनाभर बंद. कुलदीपने विचारलं, लोकांना काय सांगू? म्हटलं, घोडी आजारी आहे सांग. खोटं नाही ते.

१५ मार्च, शनिवार

मामा पुढे लगाम धरून, मधे रंभा, मागे मी. हातात घुंगुरमाळ. पहिल्या दिवशी इतक्या मागून चालले की माझी घुंगरं मलाच ऐकू येईनात. आता तिच्या शेपटीपासून चार-पाच हात मागे असते आणि सारखी बोलत राहते, म्हणजे मागे कोण आहे ते तिला कळावं. बोलायला विषय पुरत नाहीत. काल दापोडीच्या सगळ्या गल्ल्यांची नावं सांगितली. पुढून मामा म्हणाले, "शाळंत पन एवढी बोलत व्हतीस का?" त्यांना उत्तर द्यायचं नाही असं ठरवलेलं होतं, पण तोंडातून गेलं, जास्त.

ती वळते, पण दर वळणावर नाही. पाणवठ्याजवळ वळलीच नाही आणि माझ्या घुंगरांचा ताल चुकला.

१९ मार्च, बुधवार

आज मी वाईट वागले.

करवंदीपाशी ती न पाहता पुढे निघाली. मी बोलणं बंद केलं, चोरपावलांनी अगदी जवळ गेले आणि घुंगुरमाळ जोरात झटकली. रंभा ताडकन उडाली, मामा ओढले जाऊन गुडघ्यावर पडले. तिने मागे पाहिलं. तसंच, डोळे पांढरे करून. मला तेच हवं होतं. आणि तिच्या डोळ्यांत मी एकटी होते, हातात माळ घेतलेली.

मामांनी उठून धोतर झटकलं. त्यांना कळलं होतं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "मलाबी वाटतं, पोरी. बघावं तिनं."

दोघंही तिथेच दगडावर बसलो. मी चैत्रापासून पहिल्यांदा माणसासमोर रडले. रंभा गवत ओरबाडत होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा उठलो. आता पंधरा दिवसांची मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. कुलदीपने रंभेच्या गळ्यात गाठी घातली, तिने अर्धी खाल्ली. मामा तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ती थरथरली, पण सरकली नाही. आम्रपालीचं प्लास्टर निघालं म्हणून फोन आला. म्हणते, येईन, पण बसणार नाही, चालेन.

६ एप्रिल, रविवार

पुढच्या आठवड्यात गावची यात्रा. शर्यतीचा भोंगा आतापासूनच वाजायला लागला आहे. त्या आवाजापासून लांब जावं म्हणून आज भल्या सकाळीच डोंगराकडे निघालो. मामा पुढे, रंभा मधे, मी मागे. मी आज बोलले नाही. बोलण्यासारखं सगळं सांगून झालं होतं, आणि मला पाहायचं होतं. घुंगुरमाळ मी ठरलेल्या तालात वाजवत राहिले, कमी नाही, जास्त नाही.

पहिलं वळण गेलं. पाणवठा गेला. करवंदीची जाळी आली, जिथे आम्रपाली पडली होती. तिथे रंभेचा एक कान मागे फिरला, माझ्याकडे, आणि परत पुढे गेला. माश्या वारण्यासाठी शेपूट हलवत ती चालत राहिली. हिरड्यापाशी मामांचं पाऊल अडखळलं. ते थांबले नाहीत, पण त्यांची पाठ माझ्याकडे होती तरी मला कळलं की ते श्वास धरून आहेत. मीही धरला होता.

तिथे रंभा नेहमी थांबायची. थांबली नाही. मान खाली घालून, एखाद्या साध्या घोडीसारखी ती वळण घेऊन पुढे गेली. माळ दिसायला लागला, रुक्मिणीबाईंच्या चुलीचा धूर दिसायला लागला.

वळणावर मी घुंगरं मुठीत दाबून धरली आणि मागे वळून पाहिलं. वाट होती, गवत होतं. मागे कोणी नव्हतं.